सरकारी शब्दाला जावक क्रमांक हवा!

सरकारी कचेरीतून साधे स्मरणपत्र बाहेर पडावयाचे झाले, तरी त्याला जावक क्रमांक पडतो, तारीख पडते, स्थळप्रत नस्तीत लागते आणि ते कोणाच्या सहीने गेले हे पुढे कित्येक वर्षांनीही सांगता येते. त्याच कचेरीतून समाजमाध्यमावर लक्षावधी लोकांना उद्देशून जे सांगितले जाते, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा यांपैकी काहीच येत नाही. ज्या शब्दावर विसंबून माणसे घराबाहेर पडतात किंवा घरात थांबतात, तो संध्याकाळी पुसला गेला, तर सकाळी तो उच्चारला गेला होता हे सिद्ध करणार कोण व कशाच्या आधारे?

हा प्रश्न नुसत्या कागदी शिस्तीचा आहे असे कोणी समजू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. प्रवाशांनी गाडीतून उतरू नये, गाडीतच त्यांची सुरक्षितता आहे, ही सूचना रेल्वेने समाजमाध्यमावरूनही दिली. सुदैवाने ती योग्य ठरली आणि सर्वांची सुटका झाली. ती चुकीची ठरली असती तर? ती कोणी दिली, किती वाजता दिली, तेव्हा पाण्याची कोणती माहिती हाताशी होती, हे चौकशीत प्रथम विचारले गेले असते. संकटकाळी दिलेली अशी सूचना म्हणजे गप्पागोष्टी नव्हेत. तो हुकूम आहे, आणि हुकुमाची नोंद राहिलीच पाहिजे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने वा अन्य उपकरणाने निर्माण झालेली सामग्रीही अभिलेखांत गणली आहे. अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा त्यात सांगितली आहे. महाराष्ट्रानेही २००५ चा स्वतःचा अभिलेख अधिनियम केला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने दप्तर सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकले. इतकेच नव्हे, तर शासकीय संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याची जी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१२ साली काढली, त्यांतही नोंदी राखण्याविषयी सांगितलेले आहे. उणीव कायद्याची नाही. हे काम माझे आहे असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची आहे.

मे २०१४ मध्ये सत्तांतर होताना पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर खात्याचे नाव बदलून त्यापुढे ‘आर्काइव्ह’ हा शब्द जोडला गेला, तेव्हा मोठे वादळ उठले. पण त्या वादाचा रोख खाते कोणाचे आणि अनुयायी कोणाचे यावरच राहिला. आतला मजकूर कोणाचा, या प्रश्नाला फारसा कोणी हात घातला नाही. अमेरिकेत अध्यक्षांचे अभिलेख राष्ट्राच्या मालकीचे, हे १९७८ च्या कायद्यानेच ठरले आहे. अध्यक्ष ट्रम्प यांनी काढून टाकलेला मजकूरही जपला पाहिजे, अशी भूमिका तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१७ साली घेतली. पुढे ८ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने त्यांचे खाते बंद केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या मालकाने ते पुन्हा उघडले. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. राज्यकर्त्यांचे शब्द दुकानदाराच्या फळीवर टांगून ठेवले, तर दुकान केव्हा उघडावे आणि केव्हा बंद करावे हे दुकानदारच ठरवील. सरकारी दप्तर सरकारच्याच कोठीत हवे.

नोंदीची आणखी एक निकड आहे. १२ डिसेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या व्यक्तिगत खात्यात कोणी शिरकाव केला आणि भारताने बिटकॉइनला चलन म्हणून मान्यता दिल्याची थाप ठोकून दिली. खऱ्याची अधिकृत नोंद असेल तरच खोटे उघडे पाडता येते. चुकीचा मजकूर काढू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु शाळेच्या हजेरीपटावरील चूकदेखील खरवडून काढावयाची नसते. तीवर रेघ मारून बाजूस सही करावयाची असते. मुलांच्या हजेरीला जो नियम लागू आहे, तो मंत्रालयाला जाचक का वाटावा?

यावर म्हटले जाईल की, या माध्यमांवरचा बहुतेक मजकूर शुभेच्छांचा आणि उद्घाटनांच्या छायाचित्रांचा. तो साठवून काय करावयाचे? क्षुल्लक काय आणि मोलाचे काय, हे ज्याच्या त्याच्या लहरीवर सोडता येत नाही, हेच याचे उत्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी बांधले, त्यांना आपण इतिहास लिहीत आहो असे खचित वाटले नसेल. तरीही रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले आणि मराठेशाहीचा अभ्यास नव्या पायावर उभा राहिला. शिवाय अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून किरकोळ कागद मुदतीनंतर नष्ट करण्याची रीत कचेऱ्यांच्या अंगवळणी आहेच. तीच येथे लावावी.

करावयाचे ते फार नाही. प्रत्येक सरकारी खाते पदाच्या नावे असावे, व्यक्तीच्या नव्हे. प्रसिद्ध झालेला मजकूर चित्रांसह, वेळेसह आणि दिलेल्या उत्तरांसह त्याच दिवशी दप्तरात जमा व्हावा. काढलेल्या मजकुराची प्रत आणि काढण्याचे लेखी कारण राहावे. अधिकारी बदलला की किल्ल्यांबरोबर खात्याचाही रीतसर ताबा दिला जावा. गाऱ्हाणे मांडताना नागरिक आपला दूरध्वनी क्रमांक किंवा आजारपण उघड करतो. ते झाकूनच नोंद लोकांस पाहावयास मिळावी. हे काम कोणा अधिकाऱ्याचे, ते नाव घेऊन ठरवावे.

सरकारला हवे त्या माध्यमातून बोलण्याची मोकळीक आहे. बोललेले विसरण्याची मोकळीक मात्र त्याला कोणी दिलेली नाही.