हिशेब मागणारा मवाळ

गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र येते: पगडी, उपरणे, चष्मा आणि हातात इंग्रज सरकारला लिहिलेला अर्ज. टिळक लढले, गोखल्यांनी विनवण्या केल्या, एवढ्या एका वाक्यात आपण त्यांचा निकाल लावून मोकळे होतो. गांधीजींनी त्यांना गुरू मानले म्हणून नाव तरी उरले, असे म्हणणारेही भेटतात. हा निकाल मला मान्य नाही.

आक्षेपकांची बाजू आधी पुरतेपणी मांडतो. गोखले ब्रिटिश राज्याला ईश्वरी संकेत मानत. रानड्यांकडून आलेला हा विचार त्यांनी टाकला नाही. त्यांनी मागितले ते साम्राज्याच्या चौकटीतले स्वराज्य. १८९७ साली त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. १९१० च्या प्रेस कायद्याला त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात विरोध केला नाही. यातली एकही गोष्ट खोटी नाही. प्रश्न आहे तो त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाचा.

साम्राज्यांतर्गत स्वराज्याचा आक्षेप सर्वांत कच्चा आहे. टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली, तिचे ध्येयही साम्राज्यात राहून स्वराज्य हेच होते. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो १९२९ साली, लाहोरला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत गेले. जी मागणी त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी काँग्रेसच्या तोंडी आली, ती त्यांनी केली नाही म्हणून त्यांनाच तेवढे दोषी धरायचे आणि तोच हिशेब टिळकांना लावायचा नाही, हा कुठला न्याय? १९०५ च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष असताना याच गोखल्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती आणि बंगालने विलायती मालावर घातलेल्या बहिष्काराला न्याय्य राजकीय शस्त्र म्हटले होते. तेव्हा त्यांचे वय ३९ होते. लाचार माणूस असे बोलत नाही.

माफीचे प्रकरण जास्त बोचरे आहे, म्हणून ते जवळून पाहावे लागते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरे तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या अत्याचारांची माहिती विलायतेत असलेल्या गोखल्यांना पुण्याच्या मित्रांच्या पत्रांतून कळली, ती त्यांनी तिथे जाहीर केली. त्याच सुमारास प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्याचा पुण्यात खून झाला. सरकार चवताळले. नातू बंधूंना खटला न चालवता, १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली अटकेत टाकले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. गोखले मुंबईत उतरले तेव्हा सरकारला पुरावा हवा होता. पुरावा म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांची नावे. ती दिली असती तर पुढच्या अटका कुणाच्या झाल्या असत्या हे सांगायला नको. गोखल्यांनी नावे दिली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून त्यांनी तो मागे घेतला, सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला आणि माफी मागितली. माफीची भाषा गरजेपेक्षा जास्त नमती होती, हे मीही म्हणतो. पण त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली तेव्हाही त्यांनी ती नावे सांगून स्वतःची अब्रू सोडवून घेतली नाही. याला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ‘अर्ज-विनंत्यां’कडे वळू. कौन्सिलात अर्थसंकल्पावर भाषण करता येई, मत देता येत नसे. दुरुस्ती सुचवायचीही सोय नव्हती. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्याला, गोखले पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. तिजोरीत मोठी शिल्लक होती आणि अर्थसदस्याचे कौतुक चालले होते. गोखल्यांनी सांगून टाकले की या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही. मग आकडे बाहेर आले. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेला पाठवायच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत, म्हणून कर वाढवले गेले. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया १६ पेन्सवर स्थिरावला, सरकारचा खर्च वाचू लागला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक सुबत्तेतून आलेली नव्हती, नको इतक्या वसुलीतून आलेली होती. आणि ती कोणत्या वर्षांत? १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे आणि गुरे मेली त्याच्या पाठोपाठ!

फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवलेल्या आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेल्या प्राध्यापकाचे हे काम होते. मिठाचा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड, १९०७ साली एक रुपया झाला. सगळे श्रेय गोखल्यांचे नव्हे, पण दर मार्चमध्ये हा माणूस उठून सरकारच्याच आकड्यांनी सरकारला कोंडीत पकडत होता, हे या घटीच्या मागे आहे. राज्य कुणाचेही असो, प्रजेचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे विचारण्याचा प्रजेला हक्क आहे, हा त्यांच्या राजकीय विचाराचा गाभा. ब्रिटिश राज्याला ते ईश्वरी संकेत म्हणत, पण राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातले प्रत्येक वचन काढून त्याच राज्यासमोर वसुलीसाठी ठेवत. लष्करावर किती, शिक्षणावर किती, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्यातूनच १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा नगरपालिका आणि लोकल बोर्डांना द्यावी, एवढीच मागणी. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात हे करून दाखवलेच होते. तरी १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. हरणार हे ठाऊक असून त्यांनी ते मतदानापर्यंत नेले. ज्याला फक्त विनंतीच करायची असते तो मागच्या दाराने साहेबाला भेटून येतो, उघड मतदान मागत नाही.

त्यांचे दोष मी झाकत नाही. प्रेस कायद्याच्या वेळी त्यांनी चूक केली. अशांततेच्या काळात सरकारच्या हाती जादा अधिकार असावेत असे त्यांना वाटले आणि त्या अधिकारांखाली पुढे कित्येक देशी वृत्तपत्रे भरडली गेली. १९०७ च्या सभाबंदीच्या कायद्याविरुद्ध ताठ उभा राहिलेला माणूस तीन वर्षांनी इथे वाकला, याचे मला दुःख होते. मोर्लेसारख्या विलायती उदारमतवाद्यांवर त्यांनी टाकलेला विश्वासही फार महाग पडला. पण ही चूक निर्णयाची होती, निष्ठेची नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत तर मवाळ-जहाल ही वाटणीच टिकत नाही. करार संपलेल्या भारतीय मजुरांवर तिथे तीन पौंडांचा डोईकर होता. १९१२ साली गोखले स्वतः तिथे गेले, तिथल्या सरकारातल्या बोथा आणि स्मट्स यांना भेटले आणि कर रद्द होईल अशा समजुतीने परतले. गांधीजींना मात्र शंका होती, आणि ती खरी ठरली. सरकारने हात वर केले. १९१३ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी खाणमजुरांना घेऊन मोर्चा काढला, हजारो लोक तुरुंगात गेले. तेव्हा इकडे मधुमेहाने खचलेले गोखले काय करत होते? त्या कायदेभंगासाठी देशभरातून पैसे उभे करत होते. अँड्र्यूज आणि पिअर्सन या दोन इंग्रजांना त्यांनी तिकडे धाडले. १९१४ साली कर गेला. आपली वाटाघाट फसल्यावर हिरमुसून न बसता, दुसऱ्याच्या सत्याग्रहामागे सगळी ताकद उभी करणारा हा नेता आपल्या त्या ठरलेल्या चित्रात मावत नाही.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापला, तो आजन्म देशकार्याला वाहून घेणारी माणसे तयार करण्यासाठी. देशप्रेमाच्या जोडीला अभ्यास हवा, ही तिथली अट. त्या शाळेतून ठक्करबाप्पा निघाले आणि दाहोदच्या भिल्लांमध्ये जाऊन राहिले. देवधर निघाले आणि रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचे सेवासदन उभारले. ना. म. जोशी मुंबईच्या गिरणगावात उतरले. १९२० साली मुंबईत आयटक ही कामगारांची पहिली अखिल भारतीय संघटना जन्माला आली, तेव्हा तिच्या उभारणीत गोखल्यांचे हे जोशी पुढे होते, त्यांच्या शेजारी टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा होते आणि अध्यक्षस्थानी जहाल लाला लजपतराय.