दोन सेवकांचा उभा न राहिलेला खटला

१६०६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मॅकबेथ’वर आमचे समीक्षक बोलू लागले की महत्त्वाकांक्षा आणि अपराधभाव यांवर पानेच्या पाने भरतात. वकिलाची नजर मात्र राजा डंकनच्या शयनगृहातल्या दोन सेवकांवर खिळते. लेडी मॅकबेथ त्यांच्या पेयात गुंगीचे औषध घालते, खुनानंतर राजाचे रक्त त्यांनाच फासते. सकाळी मॅकबेथ दोघांनाही ठार करतो. कारण काय, तर राजावरच्या प्रेमापोटी राग अनावर झाला! आरोपीच मेले, आता जबाब कोण देणार? त्यांना का मारले, हे एकटा मॅकडफ विचारतो. तेवढ्यात बाईसाहेबांना भोवळ येते.

पुढे या दांपत्याला पश्चात्ताप होतो, तोही माणूस पाहून. सरदार बँकोचे भूत थेट मेजवानीत येऊन बसते. झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथला म्हातारा राजा आठवतो, मॅकडफची बायको आठवते, बँको आठवतो. सेवक? नाहीत. होलिनशेडच्या इतिहासग्रंथातही राजा डफचा मारेकरी डॉनवाल्ड असेच सेवकांना कापून मोकळा होतो. शेक्सपिअरने प्रसंग तिथूनच उचलला. शेवटी माल्कम राजा होतो, सरदारांना अर्ल करतो, परागंदा मित्रांना परत बोलावतो. त्या दोघांवरचा आळ मात्र पाच अंक संपले तरी कुणी जाहीरपणे पुसत नाही.