वनौषधींची कसोटी आपणच घ्यायला हवी

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत ‘गरमर’ नावाच्या मुळीचे लोणचे आवडीने खाल्ले जाते. मराठीत तिला माईनमूळ म्हणतात. लोणच्याच्या बरणीतील याच वनस्पतीची १९७०च्या दशकात मुलुंडच्या होएक्स्ट संशोधन केंद्रात तपासणी झाली. डॉ. नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून ‘फोरस्कोलिन’ हे द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेलाही ते गवसले. रक्तदाब उतरविणारे आणि हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे हे द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. पुढे त्याच्यापासून बनविलेले हृदयविकारावरील इंजेक्शन रुग्णांना मिळू लागले, ते १९९९ साली जपानमध्ये!

मुळी भारतीय, शास्त्रज्ञ भारतीय, प्रयोगशाळा मुंबईच्या उपनगरातली. पण कंपनी जर्मन आणि औषध जपानी. या घटनेतून बोध घ्यायचा तो हाच, की वारशाचा अभिमान बाळगणे सोपे असते. त्याची परीक्षा करून तो सिद्ध करणे कष्टाचे असते.

‘ऋषिमुनींनी सांगितले ते पुन्हा तपासायचे कशाला?’ असा प्रश्न श्रद्धेपोटी विचारला जातो. परंतु चरकाचार्यांनी आप्तवचनाच्या जोडीला प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही प्रमाण मानले आहे. परीक्षा ही पाश्चात्त्यांची उसनवारी नसून ती आपलीच परंपरा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण रुग्णांत पारखून १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झाले तेही भावनेच्या बळावर नव्हे, तर लिखित पुराव्याच्या बळावर.

गुळवेलीचे उदाहरण तर ताजे आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के.ई.एम.मध्ये अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांत तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता. कोरोनाकाळात मात्र मात्रा, मुदत वा प्रकृती न पाहता घरोघर तिचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. वनस्पतीची ओळखच नीट पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा वाद घोषणांनी मिटणारा नाही. वेल नेमकी कोणती, किती आणि किती दिवस घेतली, सोबत कोणती औषधे चालू होती, याची नोंद आणि तपासणीच त्याचा निवाडा करू शकते.

म्हणूनच आयुर्वेदाची खरी हानी टीकाकारांपेक्षा ‘झाडपाल्याने अपाय होतच नाही’ असे सांगणारे उत्साही समर्थक अधिक करतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वैद्यांचे दवाखाने आहेत, सेवावस्त्यांत आरोग्यकेंद्रे चालतात. पोटदुखी, खोकला, मूळव्याध, आम्लपित्त यांवर तेथे दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा, गुण आणि अपाय प्रामाणिकपणे लिहून ठेवला, तरी संशोधनाला मोठा आधार मिळेल. कुटुंबानेही घरी चाललेला काढा डॉक्टरांपासून लपवू नये.

सोने अग्नीला भीत नाही. ज्यांना आपल्या वनौषधी सोन्यासारख्या वाटतात, त्यांनीच त्या प्रथम कसोटीवर ठेवाव्यात.