रंग देण्यापूर्वी

दसरा झाला, की आमच्या बदलापूरच्या बिऱ्हाडात दोन गोष्टींना हटकून सुरुवात होते. घरात चकलीच्या भाजणीची आणि सोसायटीत रंगरंगोटीची. गेल्या वर्षी त्यात तिसरीची भर पडली. आमचा भाचा जाडजूड पुस्तके घेऊन अभ्यासाला आला.

भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. आय. टी. आय.मधला वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करून तो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लागला, त्याला आता दहा वर्षे झाली. रसायनांच्या टाक्या, वाफेचे नळ, असली त्यांची कामे. घर एका खोलीचे, त्यात दोन पोरांचा धुडगूस. म्हणून संध्याकाळची अंबरनाथहून येणारी लोकल पकडून तो आमच्याकडे यायचा आणि रात्री बारापर्यंत वाचत बसायचा.

परीक्षा होती वेल्डिंग इन्स्पेक्टरची, अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची. फीचा आकडा ऐकून मी गप्पच बसलो. त्यासाठी सूनबाईच्या दोन बांगड्या गेल्याचे बहिणीने मागाहून सांगितले.

मला हे सगळेच खूळ वाटत होते. एके दिवशी जेवताना मी म्हटलेच, “अरे, जोड बघायचा त्याला परीक्षा कसली? डोळे असले म्हणजे झाले!”

तो हसला. “मामा, डोळ्यांचीसुद्धा परीक्षा आहे. एक फुटावरून बारीक टाइप वाचता आला पाहिजे. चष्मा चालतो. आणि त्यानंतर तीन पेपर. मूलतत्त्वांचा एक, हातात मापे घेऊन दोष शोधण्याचा दुसरा, नियमांच्या पुस्तकाचा तिसरा. प्रत्येकात वेगवेगळे ७२ टक्के हवेत. एकात नव्वद मिळवून दुसऱ्यातली तूट भरता येत नाही.”

“आणि मूलतत्त्वे म्हणजे काय रे?” मामीने विचारले.

“मामी, चकली विरघळली तर तू कढईत बघत बसतेस का?”

“छे! भाजणी कशी होती, मोहन किती पडले, ते आधी आठवते.”

“बस्स, तेच! इन्स्पेक्टरचे निम्मे काम ठिणगी पडायच्या आधीच असते. धातू कोणता, रॉड कोणता, कडा साफ केल्या का, रॉड सुकवून घेतला होता का. रॉडला ओल असली तर तिच्यातला हायड्रोजन जोडात शिरतो. जोड वरून छान दिसतो आणि पुढे दोन दिवसांतही तडकू शकतो. म्हणून काही जाड पोलादाच्या कामात ४८ तास थांबून मगच शेवटची तपासणी करतात.”

मग त्याने कोपऱ्यातल्या जोडाचे गणित कागदावर काढून दाखवले. जोडाची बाजू सहा मिलिमीटर असली, तर भार पेलणारी त्याची खरी जाडी तिच्या साधारण सात-दशांश, म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडी वर. डोळ्याला दिसते ते एक आणि कामाला येते ते दुसरे! वरच्या तपासणीला बॅटरी, आरसा आणि गेज. आतल्यासाठी क्ष-किरण, नाहीतर आपल्या सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरी.

त्याच रात्री त्याने एक हकीकत सांगितली. नॉर्वेजवळच्या समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांसाठी ‘अलेक्झांडर किएलँड’ नावाचे तरंगते वसतिस्थान होते. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात त्याचा एक पाय तुटला आणि ते उलटले. २१२ माणसांतली १२३ दगावली. चौकशीत तडा सापडला तो एका किरकोळ जोडापाशी. पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राची बैठक एका आडव्या नळीला जोडली होती, तिथे, सहा मिलिमीटरच्या जोडात. आणि त्या तड्याच्या आत रंग होता!

“रंग?” मी विचारले.

“म्हणजे रंग दिला तेव्हाच तडा होता, मामा. कोणाच्या तरी ब्रशने तो झाकला.”

मी ‘अरेरे’ म्हटले आणि झोपलो. नॉर्वे लांब आहे, असेच मनात आले असावे.

चार दिवसांनी आमच्या गच्चीला नवा कठडा बसला. सोसायटीचा खजिनदार मीच. वसुबारसेच्या आत रंग झालाच पाहिजे, कारण आकाशकंदील आणि फटाके यांसाठी सगळी मुले गच्चीवरच जमतात. कामाला मिस्त्री आणला होता उल्हासनगरचा, तोही भाच्याच्याच ओळखीने. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या कॅम्पातच या मिस्त्रींचा जन्म. आय. टी. आय.मधून बाहेर पडलेल्या आमच्या पोराला रॉड हातात धरायला खरे शिकवले ते त्यांनीच. तो त्यांना चाचा म्हणतो.

संध्याकाळी भाचा सहज गच्चीवर गेला तो बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला. खांबाच्या तळाशी बोट फिरवीत म्हणाला, “मामा, हे बघा.” मी वाकून पाहिले. जोडाला बारीक बारीक भोके पडली होती.

“अनारशाला अशी जाळी पडली तर मामी खूष होईल. इथे नको. पाइपावरचा जस्ताचा थर घासून न काढता जोडले, की असे होते. आणि इथे बघा, कडेला पाइप खाल्ला गेलाय. रंग देऊ नका.”

“अरे, रंगारी उद्या सकाळी येणार आहे!”

“तुम्ही चाचांना काय सांगितले होते? जोड केवढा हवा? थर घासायचा की नाही?”

मी आठवून पाहिले. मी म्हणालो होतो, ‘मजबूत करा, लवकर करा आणि कमीत कमीत करा.’ मजबूत हे काही माप नव्हे!

रात्री त्याला जेवण गेले नाही. “ज्यांनी हाताला धरून शिकवले, त्यांचेच काम नापास करू?” एवढेच तो मामीला म्हणाला. सकाळी चाचा आले. त्याने काही न बोलता बॅटरी त्यांच्या हाती दिली. चाचा खाली बसले. एका खांबापाशी, मग दुसऱ्यापाशी. बराच वेळ कोणी बोलले नाही.

“ग्राइंडर आण,” चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “शेठ, चूक माझी आहेच. पण घाई तुमचीपण होती.”

ते खरेच होते. भाच्याने बिलाच्या पाठीवर लिहून दिले: थर किती घासायचा, रॉड कोणता, जोड किती मिलिमीटरचा. वाढीव मजुरी सोसायटीने सोसली, रॉड चाचांनी आणले. पण त्या दिवाळीला गच्चीला कुलूप राहिले, मुलांनी फटाके खाली अंगणात उडवले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाडव्यापर्यंत मला बोलणी ऐकवली.

परीक्षेचे म्हणाल, तर दोन पेपर सुटले, नियमांच्या पुस्तकाचा राहिला. तेवढ्यासाठी यंदा दसऱ्यापासून तो पुन्हा आमच्याकडे आहे.

परवा गच्चीच्या जिन्याला नवा कठडा बसला. रंगाऱ्याने डबा उघडला आणि थांबून मला विचारले, “काका, आधी बघून घेता ना?”

मी चष्मा पुसला आणि बॅटरी आणायला घरात गेलो.