रानाची वाफ व आपला धूर

चिखलदऱ्याहून मेळघाटच्या डोंगरांवर जो निळसर पडदा दिसतो, त्यांत धूळ व धूर असतोच. परंतु झाडांचाहि त्यांत वांटा असतो. तिखाडीचा उग्र वास वाचकांस ठाऊक आहे. तें पानांतून उडालेलें रोशाचें तेलच होय. ऊन तापेल तसे असे वायु झाडांतून अधिक सुटतात. पृथ्वीवर एकट्या आयसोप्रीनचें मान वर्षास सुमारें ५० कोटि टन आहे. हवेंतील ओझोनादिकांशीं संयोग होऊन त्यांचे सूक्ष्म कण बनतात. वेंट या शास्त्रज्ञानें १९६० सालीं हें मत मांडलें; गंधकाम्लावांचूनहि असे कण बनतात, हें २०१६ सालीं जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या प्रयोगांत दिसून आलें.

हे कण वाढले म्हणजे त्यांवर बाष्प जमून ढगाचे थेंब होतात. तथापि तेवढ्यावरून झाडें लावतांच पाऊस पडेल, असा हिशेब आम्ही मांडीत नाहीं. कण फाजील झाल्यास थेंब बारीक राहून पावसास अडथळाहि येऊं शकतो. आणि उन्हाळ्यांत पऱ्हाटी-तुराट्या पेटवून ही भर घालणारे आपणच आहों.

बोंडअळीच्या भयानें पऱ्हाटी शेतांत ठेवूं नये, हें खरें. पण ती बारीक करून खड्ड्यांत कुजविल्यानेंहि तें काम साधतें, व वर खत मिळतें. सातबाऱ्यांत हवेचा रकाना नाहीं. म्हणून तिची नासाडी कोणाच्याच खातीं पडत नाहीं. तरी खातेदारांनीं यंदा काडी ओढण्यापूर्वीं याचा विचार करावा, व धुऱ्यावरचा निंब राखावा.