मानकरी गेले, गांव गेला नाहीं

अमेरिकेंत २०२४ सालीं अध्यक्षाची निवडणूक झाली, तींत रिपब्लिकन पक्षाचे जुने मानकरी विरुद्ध पक्षाच्या कमला हॅरिसबाईंच्या मांडवांत जाऊन बसले. डिक चेनी हे २००१ पासून २००९ पर्यंत त्याच पक्षातर्फे देशाचे उपाध्यक्ष होते. त्यांची कन्या लिझ चेनी कायदेमंडळांत वायोमिंग राज्याची प्रतिनिधि होती. दोघांनींही आपलें मत हॅरिसबाईंस जाहीर केलें.

लिझबाईंचें धाडस आम्ही कमी लेखीत नाहीं. ६ जानेवारी २०२१ रोजीं दंगलखोर जमाव कायदेमंडळाच्या इमारतींत घुसला, तेव्हां ट्रंप यांजवर दोषारोप ठेवण्याच्या बाजूनें बाईंनीं मत दिलें. पक्षानें त्यांचें पद काढून घेतलें व २०२२ सालीं स्वतःच्याच मतदारांनीं त्यांस उमेदवारीच्या निवडणुकींत पाडलें. खरें बोलून जागा गमावणाऱ्यास भेकड कोण म्हणेल?

पण शेतकरी बंधूंनो, पुढें पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं दोघी बाया विस्कॉन्सिन राज्यांतील रिपन गांवीं एका व्यासपीठावर आल्या. १८५४ सालीं तेथल्याच शाळेंत गुलामगिरीचा फैलाव थांबविण्यासाठीं लोक जमले व रिपब्लिकन पक्षाचा पाया पडला, असें सांगतात. (जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांस मोकळें करणाऱ्या अमेरिकन लोकांसच.) जागा तर मानाची निवडली! निकाल काय लागला? विस्कॉन्सिन ट्रंपकडे गेलें. एकंदर निर्वाचक मतें त्यांस ३१२, हॅरिसबाईंस २२६.

पाटलानें वाडा बदलला म्हणजे गांव त्याच्या मागें जातोच असें नाहीं. चेनी हें नांव ऐकलें कीं गरिबाला २००३ चें इराकचें युद्ध आठवतें. त्यांत मुलगे कोणाचे गेले हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. शिवाय २०२० सालीं लिझबाईंचें मत ट्रंप यांसच पडलें होतें. मतदार विचारणारच कीं, तेव्हां कोठें होतां? आणि अंडीं, घरभाडें, पेट्रोल महागलें त्याचा जबाब मानकऱ्यांपाशीं नव्हता. महागाई २०२२ सालीं चाळीस वर्षांत झाली नव्हती एवढी झाली होती.

त्या देशांत 'टीमस्टर्स' म्हणून कामगारांचा मोठा संघ आहे. मूळचे गाडीवान, आतां मालमोटारी हांकणारे. २०२० सालीं हा संघ हॅरिसबाईंच्या पक्षाच्या पाठीशीं होता. रिपनच्या सभेपूर्वीं दोनच आठवडे त्यानें जाहीर केलें कीं, यंदा आमचा पाठिंबा कोणासच नाहीं.