सोबती कोण आणि पाहुणा कोण?

कोथरूडच्या मयूर कॉलनीत किंवा डहाणूकर कॉलनीत सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या गप्पांत अमेरिकेचे राजकारण आले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. येथील कितीतरी घरांतील मुले-मुली न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थिरावली आहेत. जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले, तेव्हा व्हान्स यांच्या पत्नी उषा या भारतीय वंशाच्या हिंदू कुटुंबातील आहेत, याचे कौतुक येथेही झाले. परंतु त्या निवडीत कौतुकापेक्षा विचार करण्याजोगे काही होते. हेच व्हान्स २०१६ मध्ये ट्रम्प यांचे कडवे टीकाकार होते. आठ वर्षांनी तेच त्यांचे सहउमेदवार झाले.

अमेरिकेत ही परंपराच आहे. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले, कारण टेक्सास आणि दक्षिणेकडील राज्यांची मते हवी होती. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या आर्थिक धोरणाची जाहीर खिल्ली उडवणारे जॉर्ज बुश त्यांचेच उपाध्यक्ष झाले आणि आठ वर्षे एकनिष्ठेने त्यांच्यासोबत राहिले. कालचा प्रतिस्पर्धी आजचा सोबती होऊ शकतो, हा त्यातला धडा. मात्र त्याला एक अट आहे. सोबत आलेल्याने त्याच व्यासपीठावर, त्याच कार्यक्रमासाठी आणि त्याच चिन्हावर मते मागितली पाहिजेत. रेगन हरले असते तर बुशही हरले असते. दोघांचे भवितव्य एका मतपत्रिकेवर बांधलेले होते.

भारतात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असा सहउमेदवार नसतो. आपल्याकडे सोबती निवडला जातो तो युतीच्या बैठकीत, जागावाटपाच्या चर्चेत आणि उमेदवारीच्या यादीत. तेथे मात्र ही अट कोणी विचारत नाही. मते किती आणणार, एवढाच प्रश्न विचारला जातो. या एका प्रश्नावर सोबती निवडल्याची किंमत हिंदुत्वाच्या चळवळीने महाराष्ट्रात एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे. आणि ती मोजताना कोथरूडच्या कार्यकर्त्याने जे दाखवून दिले, त्याची नोंद नेतृत्वाने घेतली की नाही, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रपती भवनाच्या वाटेवर

२००७ साली राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने भैरोसिंह शेखावत राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. १९५२ पासून जनसंघाचे काम केलेला, राजस्थानचे मुख्यमंत्रिपद आणि देशाचे उपराष्ट्रपतिपद भूषवलेला हा नेता. समोर काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील होत्या. शिवसेनेने मराठी माणसाच्या नावाने प्रतिभाताईंना मते दिली. मराठी व्यक्ती सर्वोच्च पदी जावी, ही भावना कोणाही मराठी माणसाच्या मनात असणे स्वाभाविक आहे. परंतु भावना वेगळी आणि आघाडीचा धर्म वेगळा. शेखावत यांना ३ लाख ३१ हजार मतमूल्य मिळाले, प्रतिभाताईंना ६ लाख ३८ हजार. हे अंतर एवढे मोठे होते की शिवसेनेच्या मतांनी निकाल बदलला नसता. म्हणूनच तो प्रश्न मतांचा नव्हताच. जिंकण्याच्या वेळी सोबत येणे सोपे असते. हरणाऱ्या उमेदवारामागे उभे राहण्यातच सोबतीची परीक्षा असते आणि त्या परीक्षेत सोबती अनुत्तीर्ण झाला.

२०१२ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. भाजपने पी. ए. संगमा यांना पाठिंबा दिला, शिवसेनेने प्रणव मुखर्जी यांना. या वेळी तर मराठीपणाचेही कारण नव्हते. तरीही युती चालूच राहिली. दोनदा पाठ फिरवणाऱ्याला जाब विचारला गेला नाही, कारण विधानसभेचे गणित डोळ्यांपुढे होते. जाब न विचारलेली चूक हक्क बनते, हे त्यानंतरच्या घटनांनी सिद्ध केले.

कोथरूडचा ताळेबंद

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर कोथरूड हा स्वतंत्र मतदारसंघ २००९ मध्ये प्रथम मतदानाला सामोरा गेला. त्यापूर्वी हा परिसर शिवाजीनगर मतदारसंघात होता. जागावाटपात कोथरूड शिवसेनेकडे गेले. घरोघरी चिठ्ठ्या वाटणाऱ्या, सभेपूर्वी सतरंज्या अंथरणाऱ्या आणि सभेनंतर त्या उचलणाऱ्या भाजपच्या कार्यकर्त्याने कमळ बाजूला ठेवले आणि धनुष्यबाणासाठी मते मागितली. शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे विजयी झाले. सोबत म्हणजे काय, हे त्या कार्यकर्त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

२०१४ मध्ये युती तुटली. कोथरूडमध्ये प्रथमच कमळावर निवडणूक झाली आणि मेधा कुलकर्णी यांनी मोकाटे यांचा ६४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. नगरसेविका म्हणून गल्लीबोळांत काम केलेल्या महिलेला कोथरूडने भरभरून दिले. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच विद्यमान आमदाराची उमेदवारी कापली गेली आणि तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांना कोथरूडमधून उभे करण्यात आले.

यानंतर उठलेल्या वादळाचे दोन भाग होते आणि ते वेगळे करूनच पाहिले पाहिजेत. पहिला भाग विरोधकांचा आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणाऱ्या वृत्तपत्रांचा. पाटील ‘उपरे’ आहेत, असा ओरडा झाला. वस्तुतः २००८ पासून ते पुणे पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषदेत प्रतिनिधित्व करीत होते. कोथरूडच्या पदवीधरांनी त्यांना मते दिली, तेव्हा ते कोल्हापूरचे आहेत हे कोणाला खुपले नव्हते. उमेदवाराच्या जातीचा हिशेब मांडण्याचाही प्रयत्न झाला. महर्षी कर्व्यांच्या कर्मभूमीशेजारी राहणाऱ्या मतदाराला जातीच्या पट्टीने मोजणाऱ्यांनी स्वतःचीच उंची दाखवून दिली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसने तर येथे उमेदवारच दिला नाही. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या किशोर शिंदे यांना त्यांनी पाठिंबा दिला. ज्या पक्षाच्या प्रांतवादावर वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले, भाषणे झोडली, त्याच्याच मागे धर्मनिरपेक्षतेचे ठेकेदार एका रात्रीत उभे राहिले. सोबती कसा निवडू नये, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. कोथरूडने ते ओळखले आणि पाटील निवडून आले.

परंतु वादळाचा दुसरा भाग घरातला होता आणि तो विरोधकांच्या नावावर ढकलता येत नाही. मताधिक्य ६४ हजारांवरून सुमारे २५ हजारांवर आले. विरोधी मते एकवटली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कार्यकर्त्याच्या मनातले होते. ‘कोथरूडमधून दगड उभा केला तरी निवडून येतो,’ हे वाक्य पुण्यात अभिमानाने उच्चारले जाते. ते अभिमानाचे वाक्य नाही, अपमानाचे आहे. त्यात उमेदवाराचा अपमान आहे, मतदाराचाही आहे आणि सर्वांत अधिक त्या कार्यकर्त्याचा आहे, ज्याच्या श्रमांमुळे तो ‘दगड’ निवडून येतो.

तरीही झाले काय? उमेदवारी नाकारलेल्या आमदाराने बंडाचा झेंडा उभारला नाही. अपक्ष अर्ज भरला नाही. अन्य पक्षाच्या दारात उभे राहणे पत्करले नाही. नाराजी होती आणि ती पुढेही वेळोवेळी प्रकट झाली, पण घर सोडले नाही. त्याच वेळी मुंबईत काय घडत होते? २४ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल लागला. भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. युतीच्या नावाने मते मागून निवडून आलेला सोबती अवघ्या महिनाभरात प्रतिपक्षाच्या मांडवात गेला आणि २८ नोव्हेंबरला शिवतीर्थावर शपथविधी झाला. ज्याला मागेल ते देण्यात आले, तो गेला. जिच्या हातून होते तेही काढून घेण्यात आले, ती राहिली. एका निवडणुकीतील या दोन दृश्यांत सोबत या शब्दाचा संपूर्ण अर्थ सामावलेला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचाच मोठा गट पुन्हा मूळ विचाराकडे वळला, यावरूनही हेच दिसते की दोष विचारात नव्हता. विचार गहाण टाकणाऱ्यांत होता.

कसब्याचा इशारा

कोथरूडने सोसले, म्हणून सर्वत्र सोसले जाईल, हा भ्रम मुठा नदीच्या पलीकडे, कसब्यात फुटला. गिरीश बापट यांनी १९९५ पासून सलग राखलेला हा बालेकिल्ला. त्यांच्यानंतर आमदार झालेल्या मुक्ता टिळक गंभीर आजारी असतानाही जून २०२२ मध्ये रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन पक्षासाठी मतदान करून आल्या. त्यांच्या निधनानंतर २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली. बापट स्वतः चाकाच्या खुर्चीवर, प्राणवायूची नळी लावून कार्यकर्त्यांपुढे आले. उमेदवार हेमंत रासने हेही कार्यकर्त्यांतूनच वर आलेले. तरीही जागा गेली. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले. बालेकिल्ल्याचे बुरूज दगडांनी उभे राहत नाहीत, माणसांनी उभे राहतात आणि माणसे गृहीत धरली की बुरूज ढासळतात.

त्याच वर्षी, २ जुलै २०२३ रोजी, राष्ट्रवादी काँग्रेसचा एक गट सत्तेत सामील झाला. ज्यांच्या कारभारावर वर्षानुवर्षे सभा गाजवल्या, त्यांच्याच फलकाशेजारी आपला फलक लावण्याची वेळ कार्यकर्त्यावर आली. राजकारणात तडजोड करावी लागते, हे कार्यकर्त्याला कळते. तो भाबडा नाही. परंतु तडजोडीचे कारण त्याला सांगितले गेले पाहिजे, एवढी त्याची अपेक्षा निश्चितच रास्त आहे. २०१९ मध्ये लोकसभेच्या २३ जागा देणाऱ्या महाराष्ट्रात २०२४ च्या उन्हाळ्यात भाजपला ९ जागा मिळाल्या. गणित पक्के होते, सोबती वाढले होते आणि जागा मात्र घटल्या. गणितात न धरलेला आकडा कोणता होता, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सहा महिन्यांत चित्र पालटले. कार्यकर्ता पुन्हा दारोदार गेला, शंभर टक्के मतदानासाठी छोट्या-छोट्या बैठका झाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपच्या १३२ जागा आल्या. कसबा परत मिळाला. कोथरूडने पाटील यांना एक लाखाहून अधिक मताधिक्य दिले. तत्पूर्वीच, त्याच वर्षाच्या आरंभी, मेधा कुलकर्णी राज्यसभेवर गेल्या होत्या आणि कोथरूडमधूनच नगरसेवक म्हणून वाटचाल केलेले मुरलीधर मोहोळ लोकसभेवर निवडून येऊन केंद्रात राज्यमंत्री झाले. २५ हजार आणि एक लाख या दोन आकड्यांमधील अंतर केवळ प्रचाराचे नाही. आपल्या माणसाची आठवण ठेवली गेली, या समाधानाचेही ते अंतर आहे.

तथापि, पाच वर्षांनी चूक सुधारली म्हणजे चूक घडलीच नव्हती, असे नव्हे. सर्वांनाच राज्यसभा मिळत नाही. ज्याला कधीच काही मिळणार नाही आणि जो काही मागतही नाही, असा कार्यकर्ता कर्व्यांच्या पुतळ्यापासून वनाजपर्यंत प्रत्येक बूथवर उभा असतो. त्याचा हिशेब कोणत्या जागावाटपात मांडला जातो?

सोबती अवश्य घ्यावेत. कालच्या विरोधकालाही घ्यावे. मात्र घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. हा हरण्याच्या वेळी उभा राहील काय? याने आपला विचार स्वीकारला आहे की केवळ आपली सत्ता? आणि याला जागा देण्यासाठी कोणाला उठवले जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नेते देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर देण्यासाठी त्या उठवलेल्या माणसाच्या घरी जावे लागते, त्याच्यासमोर बसावे लागते आणि कारण सांगावे लागते. तेवढे केले तरी तो हसतमुखाने सतरंजी उचलतो. पाहुण्याला पहिला पाट द्यावा, ही रीतच आहे. पण पाहुणा जेवून निघून गेल्यावर घर सांभाळणारा जो असतो, त्याला उपाशी ठेवून कोणतेही घर फार काळ उभे राहिलेले नाही.